दुसऱ्या खाचेला मोडणारे फाळ

बाणाच्या टोकाला बसवायचे बारा फाळ, नऊ दगडाचे नि तीन काचेचे, खाच पाडण्यापर्यंत पोचले आणि त्यांतले नऊ मोडले. एक माझ्याच हातून फरशीवर पडला, त्याचा दोष कुणावर टाकता येत नाही. उरलेल्या आठांचे तुकडे मी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवत गेलो. टाकून दिले असते तर हे प्रकरण 'दगडच खराब निघाला' या वाक्यावर संपलं असतं.

मी बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होतो, म्हणजे लेथवर धातू कातणारा. आता निवृत्त आहे. दगडाशी माझा संबंध म्हणजे लहानपणी दारावर 'जातं टाकवून घ्या' म्हणत येणाऱ्या बाईच्या टाकीचा आवाज, एवढाच. माझा भाचा पुण्यात पुरातत्त्व शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो एक काम घेऊन आला. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेला अश्मयुगाचं छोटं प्रदर्शन मांडायचं होतं. मुख्याध्यापकांनी कुठल्याशा पुस्तकातलं चित्र दाखवून 'अस्सं पाहिजे' म्हणून सांगितलेलं. चित्रात बाणाचा दगडी फाळ होता, पिंपळाच्या पानासारखा, बुडाजवळ दोन्ही बाजूंना खाच.

"मामा, हा अमेरिकेतला आहे," भाचा म्हणाला. "आपल्याकडं असा नसतो."

त्याचं म्हणणं असं. खाचेचा उपयोग फाळ काठीला बांधण्यासाठी. काठीच्या टोकाला चीर द्यायची, फाळ त्यात बसवायचा आणि ओली तात, म्हणजे जनावराच्या स्नायूची दोरी, खाचेतून फिरवून आवळायची. उत्तर अमेरिकेत ही पद्धत हजारो वर्षं चालली. आपल्याकडच्या मध्याश्मयुगातल्या लोकांनी दुसरी वाट धरली. नखाएवढी दगडी पाती काढायची, चंद्रकोरी, त्रिकोणी, आणि ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत राळेनं चिकटवायची. एक पातं निसटलं तर तेवढंच बदलायचं. मला स्वतःला हीच पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. लेथवर टिप बदलतो तसंच हे. अख्खं टूल कोण फेकतंय?

शेवटी दोन तबकं करायचं ठरलं. एकात आपल्याकडची पाती बसवलेली काठी, दुसऱ्यात सहा खाचेचे फाळ, आणि खाली कन्नडात नि मराठीत स्पष्ट लिहायचं की हे परदेशी पद्धतीचे आहेत. पहिलं तबक दोन दिवसांत झालं. हे प्रकरण दुसऱ्याचं आहे.

भाच्यानं अट घातली होती, धातू वापरायचा नाही. दगड, हाड, लाकूड, कातडं, बस्स. मी वाद घातला. हल्ली ही कला जोपासणारे सर्रास तांब्याच्या टोकाची हत्यारं वापरतात, आणि मोटार वाइंडिंगवाल्याकडून मला हवी तेवढी जाड तार मिळाली असती. शिवाय इशी नावाच्या माणसाची गोष्ट भाच्यानंच मला सांगितलेली. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ साली ओरोव्हिल गावात एकटा बाहेर आला. १९१६ मध्ये वारेपर्यंत तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात लोकांसमोर काचेचे नि दगडाचे फाळ करून दाखवायचा. तो लोखंडी टोकाची हत्यारंही वापरायचा. मग त्याची कला पारंपरिक नव्हती का? भाचा हसला, पण अट तशीच राहिली.

दगड घटप्रभेच्या पात्रातून आणले, पाणी उतरल्यावर. आपल्याकडचा काळा खडक थंड होताना त्यात पोकळ्या राहतात आणि त्यांत गारगोटी, कॅल्सेडनी (अकीकाच्या जातीचा दगड) भरते. खडक झिजला की हे गोटे नदीत येतात. खाली बागलकोटकडं कलादगीचे खडक सुरू होतात, तिकडं क्वार्ट्झाइट आणि चर्ट हे कठीण दगड. रॉबर्ट ब्रूस फूट हा भूशास्त्रज्ञ याच घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांतून हिंडला. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला त्याला भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार सापडलेलं. आमच्या या 'दक्षिण मराठा मुलखा'च्या भूरचनेवर त्यानं लिहिलेलं १८७६ मध्ये छापून आलं. जुन्या स्थळांवरून दगड उचलायचा नाही हे भाच्यानं आधीच बजावलं होतं, म्हणून पात्रातले साधे गोटेच घेतले. ओतकामाचा जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, हाताळताना हातोडीनं वाजवून बघायची सवय होतीच. टण्ण वाजला तर ठेवायचा, भद्द वाजला तर आत चीर आहे. निम्मे गोटे तिथंच परत टाकले.

सरावासाठी जाड बुडाच्या बाटल्या फोडून काच घेतली. काच ही अगदी समजूतदार वस्तू. ती दगडासारखीच शिंपल्याच्या आकारात फुटते आणि काय चुकलं ते लपवत नाही. ऑस्ट्रेलियात किंबर्ली भागातले आदिवासी बाटल्यांच्या काचेचे नि तारखात्याच्या खांबांवरच्या इन्सुलेटरचे फाळ करायचे, तेव्हा काच वापरणं म्हणजे फसवणूक नव्हे.

हाडाचं सांगायला हवं. या कामात परदेशात हरणाचं भरीव शिंग वापरतात. खानापूरकडच्या एका ओळखीच्यानं जंगलात गळून पडलेलं सांबराचं शिंग आणून देतो म्हणून सांगितलं. नको म्हटलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि शिंग गळून पडलेलं असलं तरी ते घरात ठेवता येत नाही. मग मटणाच्या दुकानातून बोकडाच्या नळ्या आणल्या. पहिलं हत्यार रविवारच्या रश्श्यातल्या नळीचं केलं, ते तिसऱ्या दाबाला भुसभुशीत होऊन गेलं. शिजवलं की हाडातला चिवटपणा उतरतो. मग कच्च्या नळ्या खरवडून, धुऊन सावलीत वाळवल्या. त्या टिकल्या.

खाच पाडण्याआधीचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते व्यवस्थित झालं होतं. नदीच्या गोल गोट्यानं मोठी कपची काढायची, तिच्या कडा हाडानं दाबून दोन्ही बाजूंनी पातळ करत आणायच्या. बोटाच्या दोन पेरांएवढं लांब आणि मध्ये साधारण ५ मिमी जाड पान झालं की ते तयार. नऊ दगडांतले पाच आधी भाजून घेतले होते. भाजल्यानं दगड सहज सुटतो. गुजरातेत खंबायतचे मणी करणारे अकीक भाजतात, ही पद्धत तिथं फार जुनी. आम्ही लोखंडी कढईत वाळू भरून तिच्यात कपच्या पुरल्या आणि शेणीच्या मंद जाळावर रात्रभर ठेवल्या. काढल्या दुसऱ्या दिवशी दुपारी, वाळू पूर्ण गार झाल्यावर. पिवळट दगड तांबूस झाला, आणि नव्या फुटीवर मेण चोळल्यासारखी चमक आली. एक जाळाच्या फार जवळ गेला होता, त्याचं टवकं झाकणासारखं उडालं. कढई भाच्याच्या मामीची होती. त्याबद्दल अजून बोलणं ऐकतोय.

आता खाच. कारखान्यात जे नाव असतं ते इथं नाही, म्हणून आमची घरगुती नावं सांगतो. खाचेखालचे दोन कोपरे म्हणजे कान, दोन खाचांच्या मधला भाग म्हणजे मान.

पान कातड्यावर आडवं ठेवायचं. जिथं खाच हवी तिथली कड वाळूच्या दगडानं घासून बोथट करायची, कारण कागदासारखी धार असली तर ती दाबाखाली नुसती चुरते. हाडाचं टोक कडेपासून केसभर आत टेकवायचं आणि सरळ खाली दाबायचं, खांद्याचं वजन हळूहळू देत. 'टिक्' असा बारीक आवाज होतो आणि खालच्या अंगानं मसुराच्या डाळीएवढी अर्धगोल कपची सुटते. पान उलटं करायचं. आता मघाच्या घावाची कड हाच नवा आधार. परत घासायचं, परत दाबायचं. उलटायचं. चार-पाच मिमी खोल जायला आठ-दहा कपच्या लागतात. सगळं सुरळीत चाललं तर हे काम ऐकत बसावंसं असतं.

आमचं सुरळीत चाललं नाही. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत डबा भरत आला.

पहिला संशय दगडावर, कारण त्याला बोलता येत नाही. नदीतला गोटा आपटत येतो, आत बारीक चिरा असणारच. पण तीन काचेच्या फाळांपैकीही दोन मोडले होते. बाटलीचं बूड काही घटप्रभेतून वाहत आलेलं नव्हतं.

दुसरा संशय भाजण्यावर. यात तथ्य आहे. भाजलेला दगड सहज सुटतो तसाच तो सहज मोडतोही. म्हणून डबा उघडून हिशेब मांडला. भाजलेले पाच, त्यांतले चार मोडले. न भाजलेले चार, त्यांतले तीन, पण फरशीवर पडलेला यांतलाच, म्हणजे खरे दोन. काच तीन, मोडल्या दोन. भाजलेल्यांचं प्रमाण थोडं जास्त, पण भाजणं हेच कारण असतं तर बाकीचे का मोडले?

तिसरा संशय माझ्यावर. भाच्याचं मत असं की मी खाली न दाबता आत ढकलतो. आत ढकललं की पान वाकतं आणि मानेत मोडतं. हे अगदी खरं आहे, आणि आठांतले दोन बरोबर मानेत आडवे मोडलेही होते. ते दोन मी कबूल केले. पण उरलेल्या सहांचा कान गेला होता. आत ढकलून कान कसा जाईल?

इथं आम्ही अडलो. मामीनं दारातून विचारलं, "अजून काय करूलालासा? जेवण गार झालं." जेवून परत बसलो. टॉर्च आणि घड्याळजीचं भिंग घेऊन सहाही तुकडे जुळवून बघितले. त्यात तीन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे, काचेच्या तुकड्यावर फुटीच्या लाटा स्पष्ट दिसतात, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. लाटांचा उगम बघितला की फूट कुठून सुरू झाली ते कळतं. मला वाटत होतं उगम खाचेच्या तळाशी असेल, कारण जोर तिथं दिलेला. तो होता खाचेच्या बाजूच्या भिंतीत, तोंडाजवळ. आणि हिरव्या काचेवर दोन्ही भिंतींना पांढरा पुसट ओरखडा. हाडाची पूड.

दुसरी गोष्ट कातड्यावर पडलेली होती. शेवटच्या फाळाची शेवटची कपची तिथंच होती, अख्खी, नीट सुटलेली. म्हणजे दाबण्याचं काम बरोबर झालं होतं. कान मोडला तो कपची सुटल्यानंतर.

तिसरी गोष्ट भाच्याच्या वहीत होती. त्यानं प्रत्येक फाळाला क्रमांक देऊन कुठं मोडला ते टिपलं होतं. सहांपैकी पाच दुसऱ्या खाचेला मोडले होते.

मी हाडाचं हत्यार हातात घेऊन बघितलं आणि मला लाजच वाटली. मी ते दाभणासारखं घासलं होतं, टोकाला बारीक आणि मागं जाड होत जाणारं. उद्यमबागेत शिकाऊ पोरानं पार्टिंग टूल असं घासून आणलं असतं तर मी त्याला पुन्हा ग्राइंडरवर पाठवलं असतं. जॉब तोडायचं टूल तोंडाशी सगळ्यांत रुंद असावं लागतं. मागं जाताना ते निमुळतं व्हायला हवं, म्हणजे त्याची बाजू खोबणीच्या भिंतीला लागत नाही. याला साइड क्लिअरन्स म्हणतात. तो नसला की खोबण टूलला धरते आणि कडकन आवाज येतो. जॉब मोडतो किंवा टूल मोडतं.

आमचं हाड उलट होतं. ती पाचरच होती. आपण वरून खांद्याचं वजन देतो, कपची अचानक सुटते, खालचा आधार नाहीसा होतो. हात तेवढ्या क्षणात थांबत नाही. टोक खाचेतून आरपार खाली जातं, त्यामागचा जाड भाग खाचेत शिरतो आणि दोन्ही भिंती बाहेर लोटतो. एका बाजूला फाळाचं अख्खं अंग आहे, ते हलत नाही. दुसऱ्या बाजूला नखाएवढा कान. तो जाणारच.

दुसऱ्या खाचेचं कोडंही मग सुटलं. मी हत्यार फाळामागं एकदा घासत होतो. पहिली खाच ताज्या टोकानं व्हायची. दुसरीपर्यंत टोक झिजून आखूड नि बसकं झालेलं असायचं, म्हणजे जाड भाग आणखी पुढं आलेला. टिकलेल्या तिघांपैकी दोघांच्या खाचा इतक्या उथळ होत्या की जाड भाग आत शिरण्याचा प्रश्नच आला नाही. तिसऱ्याच्या वेळी मी चहाला उठलो होतो आणि परत बसताना सहज टोक घासून घेतलं होतं. ते भाच्याच्या वहीत नव्हतं. मामीला आठवलं, कारण चहा उतू गेला होता.

भाचा म्हणाला, "मामा, हे कुणी सांगितलं नाही मला."
म्हटलं, "लेथवर उभा राहिला असतास तर सांगायची गरज नव्हती." हे जरा जास्त झालं, हे कबूल करतो.

नवं हत्यार असं केलं. नळीची लांबट चीप काढली. टोकाशी पाटीच्या पेन्सिलीसारखं गोल न करता पटाशीसारखं चपटं केलं, साधारण ६ मिमी रुंद आणि २ मिमी जाड. टोकाच्या मागं पेरभर लांबीत दोन्ही चपट्या अंगांनी आणखी थोडं खरवडलं, म्हणजे तोंड सगळ्यांत जाड आणि त्यामागचा भाग किंचित बारीक. कानस वापरायची नव्हती, म्हणून मोडलेल्या फाळांच्या धारेनंच खरवडलं. त्यांची धार चांगलीच होती, त्यासाठी तरी ते उपयोगी पडले. भीती होती की इतकं बारीक हाड मोडेल. पण जोर त्याच्या लांबीतून जातो, आडवा जात नाही, म्हणून ते तग धरतं. तरी सहा फाळांना तीन हत्यारं खर्ची पडली.

त्याला जोडून एक सोपा उपाय केला. आधी फाळ तळहातावर कातडं घेऊन धरत होतो. आता बाभळीच्या फळकुटावर जुन्या चपलेच्या तळाचं कातडं ठेवलं आणि त्यात कपची सुटायला जेमतेम ३ मिमी खोल चर पाडला. टोक खाली गेलंच तर लाकडावर टेकतं. पुढं जायला जागाच नाही.

आणि दर तीन-चार कपच्यांनंतर टोक वाळूच्या दगडावर घासायचं. कंटाळवाणं काम, पण टर्नरला सवय असते.

खंबायतच्या कारागिरांची आठवण मला इथं पुन्हा झाली. ते लोखंडाची टोकदार सळई जमिनीत तिरपी रोवतात, अकीक तिच्या टोकाला टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाचं डोकं असलेल्या हातोडीनं टोला देतात. म्हणजे हत्यार जागचं हलतच नाही, दगड हलतो. टोक निसटून पुढं घुसण्याचा प्रश्न त्यांनी मुळातच काढून टाकला आहे. खाचेला ती रीत कितपत चालेल हे करून बघायचं आहे.

नव्या हत्यारानं आठ फाळ घेतले, सहा टिकले. मोडलेल्या दोनांपैकी एकात जुनी चीर निघाली, तुटलेल्या जागी गंजासारखा तांबडा डाग होता. नदीत असतानाच पाणी आत गेलेलं. दुसरा भाच्यानं मोडला, मानेत, आत ढकलून. मी काही बोललो नाही.

भाजलेल्या दगडाबद्दल माझं मत मात्र बदललं आहे. पातळ करताना तो वरदान आहे. खाचेसाठी मी आता न भाजलेलाच घेईन. चार कपच्या जास्त लागल्या तरी चालतील.

कामाच्या जागेबद्दल दोन गोष्टी. हे सगळं आम्ही परसात, उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून केलं, तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावून. दगडाची बारीक पूड फुप्फुसात गेली की परत येत नाही. ओतकामातल्या वाळूवर काम केलेले माझे दोन सोबती त्यानंच गेले, तेव्हा यात मी कुणाचं ऐकत नाही. खाली ताडपत्री होती. कपच्या गोळा करून खड्ड्यात पुरल्या आणि वर चालू वर्षाचा एक रुपया टाकला. उद्या कुणी खणलं तर त्याला हजारो वर्षांपूर्वीचा कारखाना सापडल्याचा भास होऊ नये, असं भाचा म्हणतो. प्रत्येक फाळाच्या बुडावर आम्ही साल कोरलं, तेही त्याचसाठी.

मुख्याध्यापकांना सहा फाळ दिले. त्यांनी मोडलेल्यांचा डबाही मागून घेतला. तो तिसऱ्या तबकात गेला, पहिलं दाभणासारखं हाड शेजारी ठेवून.

आता भाच्याला कोपऱ्यातून तिरकी जाणारी खाच पाडायची आहे. तिच्यात कान आणखी बारीक उरतो, म्हणून हत्यार दीड मिमीवर आणावं लागेल. नळ्या गच्चीवर सावलीत वाळत घातल्या आहेत. शेजारच्यांच्या मांजरापायी त्यांवर मामीची तीच कढई उपडी घातली आहे.